ज्येष्ठांच्या औषधांचा खर्च आणि आपली लेखणी

बालरोगतज्ज्ञाने वार्धक्याविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी काहीसे अनधिकाराचे वाटेल. परंतु माझ्या दवाखान्यात बाळाला घेऊन येणारे हात बहुतेक वेळा आजीचे किंवा आजोबांचे असतात. आईवडील नोकरीवर गेलेले असतात. लसीकरणाची तारीख लक्षात ठेवणे, ताप मोजणे, औषध पाजणे हे सारे घरातील ज्येष्ठांकडे असते. नातवंडाची तपासणी संपली की, "डॉक्टर, जाता जाता एक विचारू का?" असे म्हणत पिशवीतून त्यांच्या स्वतःच्या गोळ्या बाहेर निघतात. या ओझरत्या प्रश्नांतूनच प्रस्तुत लेखाचा विषय मला मिळाला.

काही महिन्यांपूर्वी असेच एक आजोबा नातीला घेऊन आले. त्यांची सारी नोकरी आपल्या बडोद्यातील औषधनिर्मितीच्या कारखान्यात झालेली. निवृत्त होऊन चौदा वर्षे लोटलेली. नातीला साधा सर्दी-खोकला होता, पण जिना चढून आलेल्या आजोबांचाच श्वास फुलला होता आणि पायांवर सूज दिसत होती. रक्तदाब मोजला, तो १९०/१०४ निघाला.

"काका, रक्तदाबाची गोळी घेता ना?"

"घेतो ना डॉक्टर. पण एकाआड एक दिवस. रोज घेतली तर महिन्याचा हिशेब बसत नाही."

त्यांच्या पिशवीत तीन निरनिराळ्या तज्ज्ञांनी लिहिलेली अकरा प्रकारची औषधे होती. त्यांतील महत्त्वाची कोणती आणि टाळता येण्याजोगी कोणती, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी आपल्या खिशाला दिला होता. महाग गोळी एकाआड एक दिवस आणि स्वस्त जीवनसत्त्वाची गोळी मात्र नियमित, असा तो हिशेब होता. मी त्यांना त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवले. तेथून ते रुग्णालयात दाखल झाले. हृदयाची कार्यक्षमता घटली होती. उपचार उत्तम झाले आणि ७० वर्षांवरील ज्येष्ठांसाठी असलेल्या आयुष्मान कार्डामुळे त्यांना तेथे पैसे मोजावे लागले नाहीत.

येथेच एक विसंगती मनात घर करून राहिली. रोजची गोळी चुकल्यामुळे उद्भवलेल्या आजाराचा खर्च शासनाने उचलला. परंतु तो आजार टाळू शकणाऱ्या गोळीचा खर्च उचलणारे कोणीही नव्हते.

छत्र कोठपर्यंत?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार हे तिचे स्वरूप. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, उत्पन्नाची अट न घालता ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्व नागरिकांना तिचा लाभ खुला झाला. 'आयुष्मान वय वंदना' नावाचे कार्ड आधारच्या आधारे निघते. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे आणि आपल्या परिचयातील प्रत्येक पात्र ज्येष्ठाने ते कार्ड काढून ठेवावे.

तथापि, ही योजना रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील औषधे तिच्यात समाविष्ट आहेत. सोळाव्या दिवसापासून रुग्ण पुन्हा केमिस्टच्या दुकानासमोर उभा राहतो. खासगी आरोग्य विम्याचीही बहुतांशी हीच रचना आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीसाठीची वयाची मर्यादा काढून टाकली, जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३ वर्षांवर आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यातील वार्षिक वाढीला १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्याहून अधिक वाढीसाठी नियामकाशी आधी विचारविनिमय आवश्यक केला. हे सर्व उपयुक्त असले, तरी बाह्यरुग्ण म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या गोळ्या बहुतेक पॉलिसींच्या बाहेरच राहतात.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग, दमा, सांधेदुखी, काचबिंदू हे वार्धक्यातील आजार प्रामुख्याने घरी राहून सांभाळायचे आहेत. म्हणजे छत्र आहे रुग्णालयात आणि पाऊस पडतो घरी, अशी ही स्थिती आहे.

हा दोष केवळ आपल्या देशाचा नव्हे. आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तेथील उदाहरण देतो. तेथे ज्येष्ठांसाठी 'मेडिकेअर' योजनेचा कायदा १९६५ साली झाला. तिच्यात रुग्णालय होते, डॉक्टर होते. परंतु घरी घ्यावयाच्या औषधांसाठीचा 'पार्ट डी' हा भाग १ जानेवारी २००६ रोजी अमलात आला. मधली चाळीस वर्षे तेथील वृद्धही गोळ्या अर्ध्या करून घेत होते. २०२२ च्या कायद्यानंतर तेथे इन्सुलिनचा रुग्णावरील भार महिन्याला ३५ डॉलरपर्यंत मर्यादित झाला आणि २०२५ या वर्षासाठी योजनेतील औषधांवरील रुग्णाच्या स्वतःच्या खर्चाला २,००० डॉलरची मर्यादा आली. श्रीमंत राष्ट्रालाही जे उमगण्यास चार दशके लागली, ते आपल्याला लवकर उमगावे, एवढीच अपेक्षा.

औषधाची किंमत ठरते कशी?

औषध दर नियंत्रण आदेश, २०१३ अन्वये राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतील औषधांना कमाल दर ठरवून दिला जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत ३८४ औषधे आहेत. कमाल दराचे सूत्र असे : बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या सर्व ब्रँडच्या, किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी काढायची आणि तिच्यात विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळवायचा. उत्पादनाला प्रत्यक्ष खर्च किती आला, याचा या सूत्रात विचार नाही. ब्रँड महाग असतील तर सरासरीही महागच निघणार. दर एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार या दरांत बदल होतो; एप्रिल २०२३ मध्ये ही वाढ १२.१२ टक्के होती, तर एप्रिल २०२५ मध्ये १.७४ टक्के.

यादीबाहेरील औषधांना कमाल दर नाही. त्यांची छापील किंमत वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवण्याची मुभा आहे. दरवर्षी १० टक्के वाढ झाल्यास सात-आठ वर्षांत किंमत दुप्पट होते. यादीतील औषधांच्याही बहुसंख्य संयुक्त गोळ्या, म्हणजे दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या, यादीत नाहीत. नुसते मेटफॉर्मिन कमाल दराखाली आहे. त्याच्याशी जोडीदार जोडला की गणित बदलते.

या वाढत्या दरांसमोर निवृत्तिवेतन ठेवून पाहा. कारखान्यातील व खासगी आस्थापनांतील कामगारांना १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून जे मिळते, ते महागाईशी जोडलेले नाही. २०१४ च्या सप्टेंबरपासून त्याची किमान रक्कम १,००० रुपये ठरवण्यात आली. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप शंभर रुपयांची असेल, तर रोज एक याप्रमाणे महिन्याला त्या एकाच औषधाचे ३०० रुपये होतात. अशी चार औषधे असल्यास किमान निवृत्तिवेतन संपून वर २०० रुपये उसने घ्यावे लागतील.

एक दिलासा नोंदवला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर रद्द झाला.

औषधांच्या दरांचा प्रश्न बडोद्याला नवा नाही. १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी अलेम्बिकचा पाया घातला, तेव्हापासून हे शहर औषधे बनवीत आले आहे. याच शहरात १९८३ मध्ये 'लोकॉस्ट' हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला. दर्जेदार औषधे अल्प किमतीत बनवता येतात, हे त्याने प्रत्यक्ष उत्पादन करून दाखवले आणि दर नियंत्रणासाठी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेतही तो सहभागी होता. तरीही औषधे बनवण्यात आयुष्य घालवलेला कामगार स्वतःची गोळी एकाआड एक दिवस घेतो, याची खंत आपल्याला वाटली पाहिजे.

चिठ्ठीवरील नाव

आता आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, वाट्याकडे वळू. इतर वस्तू ग्राहक स्वतः निवडतो. औषध मात्र आपण निवडतो आणि पैसे रुग्ण देतो. शिवाय, अनुसूची 'एच' मधील औषध चिठ्ठीवर ज्या नावाने लिहिले आहे, त्याऐवजी दुसरे देण्यास औषध नियमांनी विक्रेत्याला मनाई केली आहे. आपण केवळ ब्रँड लिहिला तर जनऔषधी केंद्रातील फार्मासिस्ट, तेच औषध समोर असूनही, नियमानुसार ते देऊ शकत नाही. स्वस्त औषधाचा दरवाजा उघडणारी किल्ली आपल्या लेखणीत आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

२००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी आणलेली अधिक कडक नियमावली त्याच महिन्याच्या २३ तारखेला स्थगित झाली, त्यामुळे अनेकांचा असा समज झाला की जेनेरिकचा विषयच संपला. तसे नाही, २००२ ची संहिता लागू आहे.

पहिले जनऔषधी केंद्र २५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरला उघडले. आज देशभरात अशी १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत. किमतीतील फरकाचे एक उदाहरण पुरे. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनचे पेटंट जुलै २०२२ मध्ये संपले. त्याच सप्टेंबरमध्ये ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या जनऔषधी केंद्रांत ६० रुपयांना मिळू लागल्या. त्या वेळी ब्रँडेड गोळ्यांची किंमत १६० ते २५८ रुपये होती. एम्पाग्लिफ्लोझिनची कथा याहून बोलकी आहे. त्याचे पेटंट ११ मार्च २०२५ रोजी संपले. तोपर्यंत एक गोळी सुमारे ६० रुपयांना पडत असे. त्यानंतर काही कंपन्यांनी १० मिलिग्रॅमची गोळी ६ रुपयांच्याही आत आणली. महिन्याचे १,८०० रुपये २०० रुपयांच्या आत आले. परंतु हे रुग्णाला कोण सांगणार? ज्याची चिठ्ठी २०२४ ची आहे आणि जो केमिस्टकडे जाऊन "तेच द्या" म्हणतो, तो आजही जुनीच किंमत मोजत असू शकतो.

गुणवत्तेची शंका

"स्वस्त औषध लागू पडेल का?" हा प्रश्न रुग्ण विचारतात आणि खासगीत आपणही विचारतो. शंका अगदीच निराधार नाही. निकृष्ट औषधांच्या बातम्या आपण वाचतो. मात्र निकृष्टपणा हा जेनेरिकचा मक्ता नाही. आपल्या देशातील बहुतेक ब्रँडही पेटंट संपलेल्या औषधांचेच, म्हणजे नाव दिलेले जेनेरिकच असतात. जनऔषधीसाठी पुरवठादारांकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार उत्पादन-प्रमाणपत्र असावे लागते आणि प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते. एप्रिल २०१७ पासून, पाण्यात कमी विरघळणाऱ्या वर्गांतील तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या परवान्यासाठी जैवसमतुल्यतेची चाचणी बंधनकारक झाली आहे.

जेथे सावधगिरी हवी, तेथे ती जरूर बाळगावी. वॉरफेरिन, फेनिटॉइन, थायरॉक्सिन यांसारख्या औषधांत मात्रेचा अल्पसा फरकही जाणवतो. तेथे एकदा जमलेले उत्पादन वारंवार बदलू नये. बदलल्यास तपासणी पुन्हा करावी. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या औषधांत औषध लागू पडते की नाही, हे रक्तदाबमापक आणि रक्ततपासणी आपल्याला सांगतेच. विश्वास ठेवायचा तो मोजमापावर.

सर्वांत स्वस्त गोळी : नको असलेली

आम्ही बालरोगतज्ज्ञ प्रत्येक भेटीत बाळाचे वजन करतो आणि मात्रा नव्याने काढतो. सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी आमच्यासाठी कालबाह्य असते. वार्धक्यात बदलाची दिशा उलटी असते, पण बदल तितकाच खरा असतो. वजन घटते, मूत्रपिंडाची क्षमता घटते, भूक घटते. चिठ्ठी मात्र वाढतच जाते.

या वाढीची एक परिचित साखळी पाहा. अम्लोडिपिनमुळे पायांवर सूज येते. ती नवा आजार समजून मूत्रल सुरू होते. त्याने पोटॅशियम उतरते, म्हणून पोटॅशियमचे औषध येते. त्याने पोटात जळजळ होते, म्हणून आम्लविरोधी गोळी येते. एका गोळीच्या दुष्परिणामावर तीन गोळ्या, आणि चौघींचाही खर्च रुग्णाचा. अशा औषधांचा शोध घेण्यासाठी १९९१ पासून 'बीअर्स निकष' उपलब्ध आहेत. वृद्धांत ग्लिबेनक्लामाइडमुळे साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेच्या गोळ्यांनी तोल जाऊन मांडीचे हाड मोडू शकते. महिनाभरासाठी दिलेली आम्लविरोधी गोळी वर्षानुवर्षे चालू राहते. ही औषधे कमी केल्याने पैसा वाचतो, परंतु त्याआधी रुग्ण वाचतो.

अर्थात, वाचकांतील ज्येष्ठांना एक कळकळीची विनंती : हे वाचून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. काही औषधे अचानक थांबवणे घातक ठरते. पैशाची अडचण असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावी. संकोचाने गोळी अर्धी करण्यापेक्षा अडचण उघड करणे केव्हाही हिताचे.

हक्काच्या काही वाटा

रुग्णाला सांगता याव्यात अशा काही तरतुदी येथे एकत्र देतो.

शासकीय रुग्णालये व आरोग्य केंद्रांत रक्तदाब व मधुमेहाची मूलभूत औषधे विनामूल्य मिळतात. सयाजी रुग्णालयात जाण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

राज्य कामगार विमा योजनेत किमान ५ वर्षे विमित राहून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवण्याची तरतूद चालत आली आहे. तिच्यात बाह्यरुग्ण उपचारही येतात. कारखान्यांच्या या शहरात ती अनेकांना ठाऊक नसते. लेखाच्या आरंभीच्या आजोबांनाही नव्हती. रुग्णाच्या कागदपत्रांत जुना विमा क्रमांक आहे का, हे अवश्य विचारावे.

आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठाला प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळते. औषधांची बिले जपून ठेवावीत आणि पैसे रोख देऊ नयेत. रोखीने केलेला खर्च धरला जात नाही.

'फार्मा सही दाम' या मोबाइल अ‍ॅपवर नियंत्रित दर पाहता येतात, तर 'जनऔषधी सुगम' या अ‍ॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत सापडते. मोबाइल हाताळणे ज्येष्ठांना जमत नसेल, तर हे काम नातवंडांना सांगावे. ती ते आनंदाने करतात, असा माझा अनुभव आहे.

एक प्रस्ताव

आपल्या मंडळापुढे एक साधा प्रस्ताव ठेवतो. आपण वर्षाकाठी रक्तदान व नेत्रतपासणीची शिबिरे घेतो. त्यांच्या जोडीला वर्षातून दोन रविवार 'पिशवी तपासणी'साठी द्यावेत. ज्येष्ठांनी घरातील सर्व औषधे, सर्व चिठ्ठ्या आणि ताज्या रक्ततपासण्या एका पिशवीत घालून आणाव्यात. आपल्यापैकी फिजिशियनांनी औषधे पाहावीत. दुबार, कालबाह्य व अनावश्यक औषधे कोणती वाटतात, ते टिपून मूळ डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि त्यांच्या संमतीने एक एकत्रित चिठ्ठी जेनेरिक नावांनी लिहून द्यावी. या कामाला यंत्रे लागत नाहीत, निधी लागत नाही. प्रत्येक रुग्णामागे वीस मिनिटे लागतील.

आजोबांच्या बाबतीत त्यांच्या फिजिशियनांनी हेच केले. अकराची सहा औषधे झाली. सर्व जेनेरिक नावांनी लिहिली गेली आणि महिन्याचा खर्च पूर्वीच्या एक तृतीयांशाहून कमी झाला. परवा नातीला गोवराच्या लसीसाठी घेऊन आले, तेव्हा मी न विचारताच म्हणाले, "डॉक्टर, आता रोज घेतो."

धोरणे बदलतील तेव्हा बदलतील. त्यासाठी आपण आग्रह धरलाच पाहिजे. परंतु उद्या सकाळी आपल्यासमोर बसणाऱ्या वृद्धाला, "ही औषधे तुम्हाला परवडतात का?" एवढा एक प्रश्न विचारण्यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.